सुरकुत्यांवरील अंतःक्षेपण-उपचार

चेहऱ्यावरील सुरकुत्या, खळगे व वार्धक्याची इतर दृश्य चिन्हे कमी करण्याच्या हेतूने त्वचेत, त्वचेखाली किंवा चेहऱ्याच्या स्नायूंत पोकळ सुईने द्रव्य घालण्याच्या (इंजेक्शन देण्याच्या) पद्धतींना ही संज्ञा लावण्यात येते. सुरकुत्यांबद्दलची नापसंती फार जुनी आहे. आयुर्वेदातील रसायन प्रकरणात वली (सुरकुत्या) व पलित (केस पिकणे) यांचा उल्लेख जोडीने येतो. निरनिराळ्या देशांत लेप, तेले व स्नाने यांचा उपयोग या कामी शतकानुशतके होत आला. सुईचा उपयोग मात्र तुलनेने अलीकडचा आहे. १८५३ मध्ये स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर वुड व फ्रान्समध्ये शार्ल प्राव्हाझ यांनी पोकळ सुई जोडलेली पिचकारी वापरात आणली व त्यानंतर सु. अर्धशतकाने ती चेहऱ्याकडे वळली.

या उपचारांचे दोन प्रवाह आहेत. पहिल्यात सुरकुतीखालील जागा एखाद्या द्रव्याने भरून काढतात दुसऱ्यात सुरकुती पाडणारा स्नायू तात्पुरता शिथिल करतात. पहिला प्रवाह विसाव्या शतकाच्या आरंभीचा, तर दुसरा त्या शतकाच्या अखेरीचा आहे. दोहोंच्या इतिहासात एक गोष्ट ठळकपणे दिसते. रुग्णांना व त्यांच्या वैद्यांना नेहमीच कायम टिकणारा परिणाम हवा होता परंतु जी द्रव्ये शरीरात कायमची राहिली त्यांनीच सर्वाधिक अपाय केला आणि आज जी प्रचारात आहेत ती बहुतेक काही महिन्यांत नाहीशी होणारी आहेत.

सुरकुत्या कशा पडतात : त्वचेच्या खालच्या थरात, म्हणजे अंतस्त्वचेत, कोलॅजेन व इलॅस्टिन या तंतुमय प्रथिनांचे जाळे असते व त्यात पाणी धरून ठेवणारे हायल्यूरॉनिक अम्ल असते. वयोमानानुसार हे जाळे विरळ होते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे व धूम्रपानामुळे ही क्रिया लवकर घडून येते. त्वचेखालील वसेचा थर कमी होतो किंवा खाली सरकतो. शरीरातील इतर बहुतेक कंकाल स्नायू हाडाला जोडलेले असतात, तर चेहऱ्याच्या स्नायूंचे एक टोक त्वचेतच शिरलेले असते. त्यामुळे स्नायू आकुंचन पावला की त्वचेला त्याच्या दिशेशी काटकोनात घडी पडते व हजारो वेळा पडलेली घडी पुढे विश्रांतीच्या अवस्थेतही कायम राहते. फ्रेंच तंत्रिकाविज्ञ द्यूशेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विजेच्या साहाय्याने चेहऱ्याचा एकेक स्नायू उद्दीपित करून कोणत्या स्नायूमुळे कोणता भाव उमटतो हे छायाचित्रांसह दाखविले होते. भुवया आत खेचून कपाळाच्या मध्यभागी उभ्या आठ्या पाडणाऱ्या भ्रूसंकोचक स्नायूला त्यांनी वेदनेचा स्नायू म्हटले. या उभ्या आठ्यांमुळे मनुष्य रागावलेला वा चिंतातुर नसतानाही तसा भासतो. पुढे याच स्नायूपासून आधुनिक उपचाराची सुरुवात झाली.

पॅराफीन : व्हिएन्ना येथील शस्त्रक्रियाविशारद रॉबर्ट गेर्झुनी हे प्रख्यात शस्त्रक्रियातज्ञ बिलरोट यांचे शिष्य होते. क्षयामुळे वृषणे काढून टाकाव्या लागलेल्या एका रुग्णाच्या वृषणकोशात त्यांनी १८९९ मध्ये व्हॅसलीन घातले व नैसर्गिक आकाराचा आभास निर्माण केला. हा प्रयोग यशस्वी झाल्याचे वृत्त त्यांनी पुढील वर्षी प्रसिद्ध केले आणि थोड्याच काळात यूरोप व अमेरिकेत पॅराफिनाचा सपाटा सुरू झाला. किंचित तापवून पातळ केलेले पॅराफीन सुईतून सहज जाते व शरीरात घट्ट होते. ते स्वस्त असून रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय समजले जाई. बसलेले नाक उंच करणे, गालांचे खळगे भरणे व कपाळावरील आठ्या बुजविणे यांसाठी ते सर्रास वापरले जाऊ लागले. शस्त्रक्रिया नको, भूल नको आणि परिणाम तत्काळ दिसतो, हे त्याचे आकर्षण होते.

अपाय दिसण्यास फार वेळ लागला नाही. १९०१ मध्ये पॅराफिनाचा कण रक्तप्रवाहातून फुप्फुसात जाऊन अंतर्कील (रक्तवाहिनीत अडकून बसणारा पदार्थ) झाल्याची नोंद झाली. १९०३ मध्ये नाकात पॅराफीन घातल्यानंतर रुग्णाचा एक डोळा आंधळा झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ही दुसरी नोंद विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण एक शतकानंतर अगदी वेगळ्या द्रव्याच्या बाबतीत तीच आपत्ती पुन्हा उद्‌भवली. १९०६ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ञ हाइडिंग्सफेल्ड यांनी चेहऱ्यावरील सुरकुत्यांसाठी पॅराफीन घेतलेल्या दोन स्त्रियांच्या चेहऱ्यांवर विद्रूप गाठी झाल्याचे सांगून त्यांतील ऊतकाचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहाचे) सूक्ष्मदर्शकीय वर्णन केले. शरीर पॅराफिनाला बाहेर टाकू शकत नाही व पचवूही शकत नाही. म्हणून ते त्याभोवती तंतुमय ऊतकाची भिंत उभारते. अशा गाठींना पॅराफिनोमा हे नाव पडले. त्या लाल, कठीण व वेदनायुक्त होतात, कधी फुटून व्रण होतात आणि द्रव्य आसपासच्या ऊतकात झिरपलेले असल्याने त्या पूर्णपणे कापून काढणे जवळजवळ अशक्य असते. काही रुग्णांत त्या अनेक वर्षांनी प्रकट झाल्या. त्यामुळे एखाद्या वैद्याने पहिल्या वर्षी दिलेला समाधानकारक अहवाल निरर्थक ठरला. उन्हाने किंवा तापाने मेण मऊ होऊन मूळ जागेवरून घसरल्याचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेत कुटुंबमूळ असलेली व पुढे मार्लबरोची डचेस झालेली ग्लॅडिस डीकन ही आपल्या काळातील नामांकित सुंदरी होती. तिने ऐन तारुण्यात ग्रीक शिल्पासारखे सरळ नाक व्हावे म्हणून नासादंडात पॅराफीन भरून घेतले. ते खाली घसरले व तिचा चेहरा कायमचा बिघडला.

न्यूयॉर्कचे फ्रेडरिक स्ट्रेंज कोले यांनी १९११ मध्ये सौंदर्यविषयक शस्त्रक्रियेवर लिहिलेल्या ग्रंथात पॅराफिनाच्या धोक्यांची लांबलचक यादी दिली आहे आणि त्याबरोबरच ते कसे वापरावे याचेही सविस्तर विवेचन केले आहे. हा अंतर्विरोध त्या काळाच्या मनोवृत्तीचा निदर्शक आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पाश्चात्त्य वैद्यांनी पॅराफीन बहुतांशी सोडून दिले तथापि पूर्व आशियात काही ठिकाणी त्याचा उपयोग विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही चालू होता.

याच काळातील शिकागोचे चार्ल्स कॉनरॅड मिलर यांचा उल्लेख करणे अवश्य आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेचे आद्य पुरस्कर्ते आणि भोंदू अशी दोन्ही विशेषणे त्यांना लावली गेली. सुरकुत्या भरण्यासाठी त्यांनी अनेक द्रव्ये वापरून पाहिली. परंतु त्यांची दुसरी कल्पना अधिक महत्त्वाची होती. भावदर्शक सुरकुत्यांचे मूळ स्नायूंत आहे हे ओळखून त्यांनी १९०७ मध्ये त्वचेखालून ते स्नायू कापण्याची पद्धत सुचविली. सुरीने जे साधण्याचा त्यांचा प्रयत्न होता, ते सु. ऐंशी वर्षांनी एका जंतुविषाने साध्य झाले.

वसा व सिलिकोन : रुग्णाच्याच शरीरातील वसा वापरावी हा विचार पॅराफिनाच्याही आधीचा आहे. जर्मन शस्त्रक्रियातज्ञ गुस्टाफ नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडातील वसेचे छोटे तुकडे घेऊन डोळ्याजवळील व्रणामुळे पडलेला खळगा भरला होता. स्वतःचेच ऊतक असल्याने शरीर त्याला विरोध करीत नाही. परंतु रोपण केलेल्या वसेचा बराचसा भाग शोषला जातो व तो किती शोषला जाईल हे आधी सांगता येत नाही. १९८० नंतर वसा नळीने शोषून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ झाल्यावर या पद्धतीला नवे जीवन मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकोनाने पॅराफिनाची जागा घेतली. हे बहुवारिक (अनेक लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन बनलेले संयुग) उष्णतेने पातळ होत नाही व ऊतकात विघटित होत नाही, म्हणून ते आदर्श मानले गेले. जपानमध्ये प्रथम व नंतर अमेरिकेत स्त्रियांच्या स्तनांचे आकारमान वाढविण्यासाठी त्याची मोठ्या प्रमाणावर अंतःक्षेपणे देण्यात आली. काही वेळा तर ते औद्योगिक दर्जाचे व वनस्पतिज तेलाची भेसळ केलेले असे. गाठी, व्रण, द्रव्याचे दूरवर स्थलांतर व मृत्यू असे परिणाम दिसून आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषधी प्रशासनाने १९६० नंतरच्या दशकात त्यावर निर्बंध घातले. पुढील दशकात नेव्हाडा राज्याने असे अंतःक्षेपण हा गुन्हाच ठरविला. अतिशुद्ध सिलिकोनाचे अगदी सूक्ष्म थेंब दीर्घ अंतराने घातल्यास ते सुरक्षित असते, असा काही अनुभवी त्वचारोगतज्ञांचा दावा आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु गाठी दहावीस वर्षांनीही उद्‌भवू शकत असल्यामुळे कोणाही एका वैद्याच्या अनुभवाला फारसे प्रमाण मानता येत नाही.

कोलॅजेन : स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९७० नंतरच्या दशकात नवीन मार्ग शोधला. गाईच्या कातडीतील कोलॅजेन शुद्ध करून, पेप्सीन या एंझाइमाने रेणूच्या टोकांकडील प्रतिरक्षा-उत्तेजक भाग तोडून त्यांनी सुईतून जाईल असे द्रव्य बनविले. मानवावरील वापराचे पहिले निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८१ मध्ये झायडर्म या नावाने अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरकुत्या भरण्यासाठी रीतसर चाचण्या करून अधिकृत मान्यता मिळालेले हे तेथील पहिले द्रव्य होय. सु. तीन टक्के व्यक्तींत त्याला अधिहृषता (ॲलर्जी) आढळत असल्याने आधी हाताच्या पुढील भागात थोडेसे द्रव्य टोचून चार आठवडे वाट पाहावी लागे. परिणाम तीन ते सहा महिने टिके. रुग्ण या अल्पकालिकतेबद्दल तक्रार करीत. तथापि अधिहृषतेने आलेली सूजही त्याच कारणाने ओसरत असे आणि पॅराफिनाच्या रुग्णांना हे भाग्य लाभले नव्हते. १९८५ मध्ये ग्लुटाराल्डिहाइडाने रेणू परस्परांना जोडलेला अधिक टिकाऊ प्रकार आला. २००३ मध्ये मानवी कोशिकांपासून संवर्धित केलेले व त्वचाचाचणीची गरज नसलेले कोलॅजेन मान्य झाले. तोपर्यंत त्याचा प्रतिस्पर्धी बाजारात आलेला होता. २०१० च्या सुमारास या कोलॅजेनांचे उत्पादन थांबले.

हायल्यूरॉनिक अम्ल : हा प्रतिस्पर्धी म्हणजे हायल्यूरॉनिक अम्ल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील काचाभ द्रवापासून हे शर्करायुक्त बहुवारिक वेगळे केले. काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. एंड्रे बालाझ यांनी कोंबड्याच्या तुऱ्यापासून ते अतिशुद्ध स्वरूपात मिळविले व १९८० च्या सुमारास ते नेत्रशस्त्रक्रियेत वापरात आले. या अम्लाचे वैशिष्ट्य असे की, त्याची रासायनिक रचना सर्व प्राणिजातींत एकच आहे. त्यामुळे कोलॅजेनाप्रमाणे परक्या प्रथिनाची अधिहृषता होण्याचा प्रश्न फारसा येत नाही. मात्र नैसर्गिक स्वरूपात ते त्वचेत काही दिवसांतच नष्ट होते. स्वीडनमधील अप्साला येथील एका कंपनीने जंतूंच्या किण्वनाने तयार केलेल्या या अम्लाचे रेणू रासायनिक बंधांनी एकमेकांस जोडून त्याची जेली बनविली. रेस्टिलेन या नावाची ही जेली यूरोपात १९९६ मध्ये आली व डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तिचा परिणाम सु. सहा महिने ते एक वर्ष टिकतो.

या जेलीचा सर्वांत मोठा गुण तिच्या उताऱ्यात आहे. हायल्यूरॉनिडेज या एंझाइमाचे अंतःक्षेपण दिल्यास ती विरघळते. चुकीच्या जागी पडलेले द्रव्य परत घेता येण्याची सोय या इतिहासात प्रथमच झाली. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट, पॉलिलॅक्टिक अम्ल, तसेच कोलॅजेनात मिसळलेले ॲक्रिलिकाचे सूक्ष्म गोल ही इतर भरण द्रव्येही २००४ ते २००६ या काळात अमेरिकेत मान्य झाली. त्यांना असा उतारा नाही. यांपैकी पॉलिलॅक्टिक अम्लाला पहिली मान्यता सौंदर्यासाठी नव्हे, तर एचआयव्हीबाधित रुग्णांसाठी मिळाली. त्या रोगावरील काही औषधांनी गालांतील वसा नष्ट होते आणि खोल गेलेल्या गालांवरून रुग्णाचा रोग चारचौघांत उघड होतो. त्यामुळे सौंदर्योपचार व रोगोपचार यांतील सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट नाही.

उतारा असूनही एक धोका राहिलाच आहे. नाकाच्या मुळाशी व भुवयांच्या मध्ये असलेल्या रोहिण्या (शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्या) डोळ्याकडे जाणाऱ्या रोहिणीशी जोडलेल्या असतात. सुईचे टोक अशा रोहिणीत शिरले व दट्ट्यावर जोराचा दाब पडला, तर द्रव्य रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने मागे ढकलले जाते आणि दाब सुटताच प्रवाहाबरोबर जालपटलाच्या रोहिणीत जाऊन अडकते. जालपटल रक्तावाचून सु. दीड तासापेक्षा अधिक काळ तग धरू शकत नाही. गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. १९०३ मध्ये पॅराफिनाने जे घडले त्यामागेही हीच यंत्रणा असली पाहिजे. मे २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषधी प्रशासनाने सर्व भरण द्रव्यांसंबंधी या धोक्याची जाहीर सूचना दिली. अशी घटना विरळा असते हे खरे. पण धोक्याचे मोजमाप येथे वेगळ्या मापाने व्हावयास हवे. कर्करोगाच्या रुग्णाला औषधाचे तीव्र दुष्परिणाम सोसण्यास सांगता येते, कारण औषध न घेण्याचा धोका त्याहून मोठा असतो. सुरकुती असलेली व्यक्ती निरोगी असते आणि उपचार न घेतल्याने तिची प्रकृती कोणत्याही प्रकारे ढासळत नाही.

बोट्युलिनम विष : दुसऱ्या प्रवाहाचा उगम जर्मनीतील सॉसेजमध्ये, म्हणजे आतड्यात मांस भरून केलेल्या खाद्यपदार्थात आहे. वुर्टेंबर्ग प्रांतात अठराव्या शतकाच्या अखेरीस सॉसेज खाऊन विषबाधा होण्याचे प्रकार वाढले. १७९३ मध्ये विल्टबाट या गावी तेरा जण आजारी पडून त्यांपैकी सहा दगावले. तेथील जिल्हावैद्य व स्वच्छंदतावादी कवी म्हणून प्रसिद्ध असलेले युस्टिनुस केर्नर यांनी अशा रुग्णांच्या काळजीपूर्वक नोंदी केल्या. १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्यांनी १५५ रुग्णांची लक्षणे दिली आहेत : पापण्या खाली येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, गिळता न येणे, तोंडास कोरड पडणे व शेवटी श्वास बंद पडणे. शुद्ध मात्र अखेरपर्यंत शाबूत असते. त्यांनी प्राण्यांवर व स्वतःवरही प्रयोग केले आणि हे विष तंत्रिकांचे स्नायूंकडे जाणारे संदेश अडविते असा बरोबर तर्क केला. त्यापुढे जाऊन, अतिशय अल्प मात्रेत दिल्यास अनैच्छिक हालचालींच्या रोगांत ते औषध म्हणून उपयोगी पडेल, असेही त्यांनी सुचविले. जंतुशास्त्र जन्मालाही आले नव्हते अशा काळातील हे अनुमान थक्क करणारे आहे.

डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधील एल्झेल या खेड्यात एका अंत्यविधीसाठी आलेल्या वाद्यवृंदातील मंडळींनी खारविलेले डुकराचे मांस खाल्ले. चौतीस जणांना बाधा झाली व तिघे मरण पावले. गेंट विद्यापीठातील एमील व्हान एर्मेनगेम यांनी त्या मांसातून व एका मृताच्या प्लीहेतून हवेशिवाय वाढणारा, बीजाणू तयार करणारा जंतू वेगळा केला आणि १८९७ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. सॉसेज या अर्थाच्या ‘बोट्युलस’ या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. आता तो क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या नावाने ओळखला जातो. त्याचे विष ज्ञात विषांमध्ये सर्वांत तीव्र आहे.

साहजिकच दुसऱ्या महायुद्धात लष्कराचे तिकडे लक्ष गेले. अमेरिकेतील मेरिलंड राज्यातील कॅम्प डेट्रिक येथे जैव युद्धसाधनांवर गुप्त संशोधन चाले. तेथे १९४६ मध्ये ए प्रकारचे विष स्फटिकरूपात मिळविण्यात आले. तेथील जीवरसायनशास्त्रज्ञ एडवर्ड शान्ट्‌झ हे शुद्ध विष इतर संशोधकांनाही पुरवीत. अमेरिकेने जैव शस्त्रांचा त्याग केल्यानंतर १९७२ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले. दरम्यान १९४९ मध्ये ब्रिटनमधील आर्नल्ड बर्गन व त्यांचे सहकारी यांनी हे विष तंत्रिकेच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याचे उत्सर्जन रोखते असे दाखवून दिले होते. ते नेमके कसे, याचा उलगडा १९९२–९३ मध्ये झाला. विषाच्या रेणूचा जड भाग तंत्रिकेच्या टोकाला चिकटतो व हलका भाग आत शिरून तेथील एक प्रथिन कातरतो. या प्रथिनावाचून ॲसिटिलकोलिनाच्या सूक्ष्म पिशव्या पटलाशी एकरूप होऊन रिकाम्या होऊ शकत नाहीत. तंत्रिका मरत नाही. तीन-चार महिन्यांत तिचे कार्य पूर्ववत होते.

सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रवैद्य ॲलन स्कॉट हे तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी दुसरा उपाय शोधत होते. जास्त ओढ असलेला डोळ्याचा स्नायू दुबळा केला तर डोळा सरळ होईल, ही त्यांची कल्पना साधी होती. अनेक द्रव्ये वापरून पाहिल्यावर त्यांनी शान्ट्‌झ यांच्याकडून बोट्युलिनम विष मिळविले. माकडांवरील प्रयोगांचे निष्कर्ष १९७३ मध्ये व मानवी रुग्णांवरील १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. शान्ट्‌झ यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये तयार केलेला एकच साठा १९९७ अखेरपर्यंत अमेरिकेतील रुग्णांना पुरला, यावरून मात्रा किती अल्प असते याची कल्पना येईल. डिसेंबर १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांचा अंगग्रह (अनैच्छिक आकुंचन) यांसाठी या औषधाला मान्यता मिळाली. दोन वर्षांनी ते एका मोठ्या औषध कंपनीकडे गेले व बोटॉक्स या नावाने ओळखले जाऊ लागले.

सुरकुत्यांवरील परिणामाचा शोध एका रुग्ण स्त्रीने लावला, असे म्हटले तरी चालेल. कॅनडातील व्हँकूव्हर येथील नेत्रवैद्य जीन कॅरुथर्स या पापण्यांच्या अंगग्रहावर हे औषध देत असत. १९८७ मध्ये त्यांच्या एका रुग्णाने, या वेळी भुवयांच्या मध्ये सुई का टोचली नाही, अशी तक्रार केली. तेथे अंगग्रह नसल्याचे सांगितल्यावर ती म्हणाली की, तेथे टोचल्यावर चेहरा शांत व निश्चिंत दिसतो. जीन यांचे पती ॲलस्टर कॅरुथर्स हे त्वचारोगतज्ञ होते व कपाळावरील आठ्यांना भरण द्रव्ये पुरेशी पडत नाहीत हा त्यांचा रोजचा अनुभव होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या स्वागतिकेच्या संमतीने तिच्या भुवयांच्या मध्ये हे औषध टोचले. पुढे अठरा रुग्णांवरील अनुभव त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. प्रारंभी सहकाऱ्यांनी या कल्पनेची टर उडविली आणि प्राणघातक विष टोचून घेण्यास स्वयंसेवकही सहजी मिळेनात. आनन तंत्रिकेच्या पक्षाघातामुळे वाकडा झालेला चेहरा समतोल करण्यासाठी निरोगी बाजूला हेच विष टोचण्याचा प्रयोग अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला होता, हेही येथे नमूद करणे न्याय्य ठरेल.

अमेरिकेत एप्रिल २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी अधिकृत मान्यता मिळाली. तिला आधारभूत असलेल्या दोन चाचण्यांत मिळून ४०५ जणांना औषध व १३२ जणांना निष्क्रिय द्रव्य देण्यात आले. तीस दिवसांनंतर वैद्यांच्या मूल्यमापनानुसार पहिल्या गटातील ८० टक्के व दुसऱ्यातील ३ टक्के व्यक्तींत आठ्या सौम्य झाल्या वा नाहीशा झाल्या. सु. ३ टक्के व्यक्तींची पापणी काही काळ खाली आली. एकूण २० एकक मात्रा पाच ठिकाणी विभागून देतात. परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो. डोळ्यांच्या बाहेरील कोपऱ्यांतील सुरकुत्यांसाठी २०१३ मध्ये व कपाळावरील आडव्या आठ्यांसाठी २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

या एककाची व्याख्या जाणून घेण्यासारखी आहे. उंदरांच्या एखाद्या गटाच्या पोटात टोचल्यावर त्यातील निम्मे उंदीर मरतात ती मात्रा म्हणजे एक एकक होय. म्हणजे कपाळावरील आठ्या घालविण्याच्या औषधाच्या प्रत्येक साठ्याची तपासणी दीर्घकाळ असंख्य उंदरांच्या मृत्यूंवर अवलंबून होती. याविरुद्ध यूरोपात तीव्र आक्षेप घेतले गेले. २०११ मध्ये संवर्धित कोशिकांवरील चाचणीला अमेरिकेत मान्यता मिळाल्यापासून हे प्रमाण घटू लागले आहे. निरनिराळ्या कंपन्यांची एकके समान नसतात. एका औषधाची मात्रा दुसऱ्याला लावल्यास गंभीर चूक होते.

शंभर एककांच्या कुपीत विषप्रथिनाचे वजन सु. पाच नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जांश म्हणजे एक नॅनोग्रॅम) असते. मान्यताप्राप्त औषध व मूळ विष यांतील अंतर किती, हे २००४ मध्ये फ्लॉरिडात दिसून आले. तेथे एका वैद्याने प्रयोगशाळेतील संशोधनासाठी विकले जाणारे, मानवी वापरास मनाई असलेले स्वस्त विष स्वतःला व इतर तिघांना सुरकुत्यांसाठी टोचले. त्याच्या एका कुपीत १०० मायक्रोग्रॅम विष होते. चौघांनाही पूर्ण विषबाधा होऊन श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. केर्नर यांनी वर्णन केलेली सगळी लक्षणे अत्याधुनिक रुग्णालयात पुन्हा पाहावयास मिळाली. मान्यताप्राप्त औषधही, विशेषतः स्नायूंच्या ताठरपणासाठी मोठ्या मात्रेत दिले असता, दूरच्या स्नायूंपर्यंत पसरून गिळण्यास व श्वसनास अडथळा आणू शकते. म्हणून २००९ मध्ये त्याच्या वेष्टनावर चौकटीत ठळक इशारा छापणे अमेरिकेत सक्तीचे झाले. गर्भारपणात व स्नायुदौर्बल्याच्या रोगांत ते टाळतात.

भारतात हे दोन्ही उपचार त्वचारोगतज्ञ व सुघटनशल्यविशारद यांच्यामार्फत मोठ्या शहरांत रूढ झाले आहेत. भरण द्रव्यांच्या वापराबाबत भारतीय त्वचारोगतज्ञांच्या संघटनेच्या कृतिगटाने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार करणाऱ्याचे प्रशिक्षण, रुग्णाची लेखी संमती, उपचारापूर्वीचे छायाचित्र व आपत्कालीन साधनांची सिद्धता या गोष्टींवर अशा तत्त्वांत भर असतो. रुग्णाने कुपीवरील नाव व साठा क्रमांक स्वतः पाहून टिपून ठेवणे हितावह असते, कारण बनावट मालाचे प्रकार अनेक देशांत उघडकीस आले आहेत. सौंदर्यप्रसाधनगृहात, वैद्यकीय पात्रता नसलेल्या व्यक्तीकडून हे उपचार करून घेणे धोक्याचे आहे. हायल्यूरॉनिडेज जवळ नसेल तेथे भरण द्रव्य टोचून घेऊ नये.

परिणाम अधिक काळ टिकावा ही जुनी अपेक्षा अद्याप मावळलेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका नव्या बोट्युलिनम औषधाच्या चाचण्यांत परिणामाचा मध्यमान कालावधी २४ आठवडे आढळला. आधीच्या औषधांचा परिणाम तीन ते चार महिन्यांत ओसरतो आणि चुकून खाली आलेली पापणी बहुधा त्याच्याही आधी वर येते. नव्या औषधाच्या बाबतीत ती किती काळ खाली राहते, याकडे म्हणूनच नेत्रवैद्य विशेष लक्ष देतात.